भिंतीकडे तोंड करून

१

बाळ शेहेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावरचे निम्मे केस गेलेले, आणि लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत चांगला जुना मेकॅनिक. तरी घरात, गल्लीत आणि कंपनीत सगळे त्याला बाळच म्हणत. त्याची थोरली बहीण गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान चालवायची. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. लग्न तिनं केलं नव्हतं. "अख्ख्या गल्लीचे डोळे तपासले, एकही जोडी पसंत पडली नाही," असं स्वतःच सांगून ती विषय मिटवायची.

बाळची बायको बिट्टी. हे नाव तिला कोणी ठेवलं देव जाणे, कारण बाई उंचीला दारात वाकावं लागेल एवढी आणि खांद्यांनी रुंद. तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. दोघांना मूलबाळ नव्हतं आणि छंद एकच होता. दोन-तीन महिन्यांनी सुट्या जोडून घ्यायच्या, एक पिशवी भरायची आणि कधी न पाहिलेल्या गावाला जायचं. बाळला खाण्याचं वेड. मोठी हॉटेलं नव्हेत, गल्लीबोळातल्या चार बाकांच्या खानावळी. बिट्टीला उघड्यावरच्या चित्रांचं वेड. रंगवलेली भिंत दिसो, पुलाचा खांब दिसो की पाण्याची टाकी, बाई तिथं उभी राहिलीच. त्यांचा करार ठरलेला होता: एक भिंत बघायची, मग एक खानावळ. परत आले की दोघं ताईच्या दुकानात बसायची आणि एकमेकांचं बोलणं तोडत सगळं सांगायची. गिऱ्हाईक आलं तरी थांबायची नाहीत.

मग बिट्टी गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि पाचव्या दिवशी गेली.

त्यानंतर चौदा महिने बाळ धड जेवला नाही. पोटात काहीतरी ढकलायचा, एवढंच. "पुठ्ठा चावल्यासारखं लागतं गं, ताई," म्हणायचा. पट्ट्याला नवी भोकं पडत गेली, गालांची हाडं वर आली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. ताईने हरतऱ्हेचं करून घातलं. ताट समोर ठेवलं की तो शहाण्या मुलासारखा चार घास खायचा आणि मग तिच्याकडे असा बघायचा की तीच ताट उचलायची.

एके दिवशी त्याच्या घरची झाडलोट करताना तिला फ्रिजच्या दारावर एक छापील कागद दिसला. एका लहान गावाची माहिती होती. रंगवलेल्या अकरा भिंती, जुन्या खानावळी. बिट्टीने लाल पेनने कडेला लिहिलं होतं, 'पुढची सुटी.'

ताईने बरेच दिवस विचार केला. मग दुकानाला तीन दिवस कुलूप घालायचं ठरवलं आणि बाळला म्हणाली, "ऊठ. जाऊन येऊ."

"तुला कुठं भिंती कळतात?"

"तुला तरी कुठं कळत होत्या? भरतील दोघांची पोटं. चल."

तो आला. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं.

२

गाव चढणीवर होतं. दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या, खाली बंद पडलेली एक गिरणी. स्टँडपासून जवळच एका बाईच्या घरी वरची खोली मिळाली. दोन खाटा, एक खिडकी, धुतलेल्या चादरींचा वास. घरमालकिणीने नकाशाचा कागद दिला. त्यावर भिंतींना आकडे घातलेले होते.

पहिली भिंत गिरणीची. ताईला चित्रातलं काही कळत नव्हतं, पण चित्र चांगलं आहे एवढं तिलाही कळलं. अख्ख्या भिंतीवर एक लांब टेबल होतं आणि त्याला लागून आठ माणसं जेवायला बसलेली. माणसांपेक्षा मोठी काढलेली, पण एकेकाच्या कोटाच्या शिवणीपर्यंत बारकावा. सगळी पाठमोरी. बघणाऱ्याला दिसत होते ते खांदे, माना, टोप्या, वेण्या आणि मध्येच एखादं वर उचललेलं कोपर.

"छान आहे," ताई म्हणाली.

"हं," बाळ म्हणाला.

दुसरी भिंत शाळेची. तिथं तीनजण, पाठमोरे, जेवताना. तिसरी दवाखान्याच्या मागची, तिथं तर नुसती एक म्हातारी, वाटीवर वाकलेली. तीही पाठमोरी.

"या चित्रकाराला तोंडं जमत नसणार," बाळ म्हणाला. "लोक म्हणतात हात काढणं अवघड. याचं नाकाशी अडलेलं दिसतंय."

ताई हसली. विनोद काही फार मोठा नव्हता, पण चौदा महिन्यांत त्याने केलेला तो पहिलाच. तिने मनातल्या मनात त्या चित्रकाराचे आभार मानले.

चौथ्या भिंतीशी पोहोचेपर्यंत दीड वाजला. तिथंही पाठीच होत्या. ताई आता जरा कंटाळली होती. करार तिलाही ठाऊक होता, आणि चार भिंतींवर एकही खानावळ झालेली नव्हती.

३

खानावळ पायऱ्यांच्या वळणावर होती. पाटी नाही, नुसतं उघडं दार आणि शिजल्याचा वास. आत खोली अरुंद आणि लांब. टेबलं नव्हतीच. तिन्ही भिंतींना छातीच्या उंचीवर फळ्या ठोकलेल्या आणि त्यांच्यासमोर तिवया. बसायचं तर भिंतीकडे तोंड करूनच. मालकीण जाडजूड, कमरेला पांढरं फडकं. तिने दोन तिवया दाखवल्या.

"समोरासमोर बसायला नाही का काही?" ताईने विचारलं.

"जागा कुठंय, बाई? आणि जेवताना माणसाने जेवावं."

हे ताईला पटलं. खोली खरंच बोळासारखी होती. तिच्यासमोर दोन वितींवर पांढरी सफेदी होती, आणि माणसांनी वर्षानुवर्षं श्वास सोडून तिच्यावर पिवळट गोल डाग पडले होते. एकेका तिवईसमोर एकेक डाग.

सूप आलं, पाव आला, भाज्या घातलेला मांसाचा रस्सा आला. ताईने एक चमचा तोंडात घातला आणि मनात म्हणाली, मीठ विसरलेत. अळणी म्हणजे अगदी अळणी. ती मालकिणीला हाक मारणार एवढ्यात शेजारी बाळचा चमचा खणकन वाटीवर आपटला.

"ताई."

"काय रे?"

"मीठ दोनदा पडलंय."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो चावत होता. खरोखर चावत होता, जबड्याची हाडं हलत होती.

बिट्टीला ती खोडच होती. फोडणीत मीठ घालायची, मग विसरायची आणि उतरवताना पुन्हा घालायची. सासरी-माहेरी सगळ्यांनी तिची त्यावरून चेष्टा केली होती. बाळ मात्र त्याच चवीला चटावलेला होता. दुसऱ्याच्या हातचं त्याला फिकं लागायचं.

"तिच्या हातचं आहे हे," तो म्हणाला.

"अरे, असतो एखादीचा हात तसा," ताई म्हणाली आणि तिने आपला दुसरा चमचा तोंडात घातला. पाण्यासारखं लागलं. तिला वाटलं, प्रवासात माझीच जीभ गेली असेल. नाहीतर याचीच आज परत आली असेल. वर्षभर बंद असलेलं काही उघडलं की जरा करकरतंच.

बाळने तीन वाट्या खाल्ल्या. मग ताईची उचलून तीही खाल्ली. ती त्याच्याकडे बघत बसली. वाटी पुसून खाणाऱ्या भावाकडे बघताना तिच्या पोटात जे भरलं ते कुठल्या रश्शाने भरलं नसतं. मिठाचा विचार तिने सोडून दिला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली ती आवाजाने. चमच्याचा आवाज. कोणीतरी ताटलीच्या तळाशी राहिलेलं हळूहळू खरवडत होतं. खरड, मग थांबणं, मग खरड. तिच्या उशाकडच्या भिंतीतून येत होता. उजाडून बराच वेळ झाला होता, खिडकीतून ऊन आलं होतं, त्यामुळे तिला भीती अशी वाटली नाही. शेजारच्या खोलीत कोणीतरी न्याहारी करत असणार. बाळची खाट रिकामी होती.

खाली गेल्यावर ती घरमालकिणीला सहज म्हणाली, "शेजारच्या खोलीत पाहुणे लवकर उठलेले दिसतात."

"शेजारी कुठली खोली? तुमच्या खाटेची भिंत म्हणजे बाहेरची भिंत. पलीकडे रस्ता."

"मग आवाज कसला?"

"पायपात पाणी असेल," घरमालकीण म्हणाली आणि कपबशा विसळायला लागली. "भाऊ तुमचे सातलाच गेले हो. खानावळीत जातो म्हणाले. चांगली भूक आहे त्यांना."

ताई बाहेर आली आणि घराला वळसा घालून त्या बाजूला गेली. नकाशात पाचवा आकडा याच भिंतीवर होता. काल अंगावर ऊन होतं म्हणून त्यांनी ती पुढे ढकलली होती.

पाचव्या भिंतीवर दोन तिवया होत्या. उजवीकडची रिकामी होती. डावीकडे एक बाई बसलेली. पाठमोरी. रुंद खांदे, त्यातला डावा किंचित उतरलेला, वर्षानुवर्षं पोहणाऱ्यांचा असतो तसा. मानेवर अंबाडा, आणि अंबाड्यात पितळी चाप. चापाचे मधले दोन दात तुटलेले.

ताईने धंद्याची सवय म्हणून आधी उजवा डोळा झाकून पाहिलं. मग डावा झाकून पाहिलं. मग चष्मा पुसून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं.

उंच बाया जगात पुष्कळ असतात. अंबाडाही सगळ्याच घालतात. पण दवाखान्यात शेवटच्या दुपारी बिट्टीच्या घामाने मानेला चिकटलेल्या केसांचा हा अंबाडा ताईने स्वतः घातला होता. बिट्टी कधीच अंबाडा घालत नसे, पोहणाऱ्या बाईचे केस ते केवढे. जेमतेम मुठीत येतील तेवढे गोळा करून, बसत नव्हता म्हणून ताईने आपल्या डोक्यातला चाप काढून त्यात खोचला होता. दोन दात तुटलेला. तो बिट्टीबरोबरच गेला. तिला या अंबाड्यात पाहिलेलं माणूस एकच होतं, आणि ते आता या भिंतीसमोर उभं होतं.

असा चाप दुसरीकडे असू शकतो, ताई स्वतःला म्हणाली. बाजारात हजारो असतील. दात तर सगळ्यांचेच तुटतात.

भिंतीला कान लावावासा तिला वाटला. तिने लावला नाही.

५

अकरावी भिंत चढणीच्या टोकाला होती आणि तिथं काम चालू होतं. चित्रकार लाकडी परांचीवर चढून एका कोटाची कॉलर रंगवत होता. साठीचा माणूस, कानाला रंग लागलेला. ताईने खालूनच हाक मारली.

"पाचवी भिंत तुम्हीच रंगवली का हो?"

"सगळ्या मीच रंगवल्या."

"ती बाई कोण?"

"नाव नाही विचारलं."

"म्हणजे समोर बसवून काढलीत?"

"समोर नाही, बाई," तो हात न थांबवता म्हणाला. "पुढे बसवून. मी मागे."

"कधी?"

"झालं असेल वर्ष. थोडं वरच."

ताईने हिशेब केला नाही. नकोच होता तो तिला. "सगळी पाठमोरीच का काढता?" तिने विचारलं. आवाज जरा चढला होता.

"मला दिसतं तेवढंच मी काढतो. तुमचा धंदा काय?"

"चष्मे."

"मग तुम्हाला सांगायला नको. न दिसलेलं काढायचं म्हणजे थापा मारायच्या."

"पण एकदा पुढे जाऊन बघायचं! तोंड बघायचं!"

आता त्याने हात थांबवला. खाली पाहिलं. तो चेहऱ्याने चांगला माणूस वाटत होता, आणि थकलेला.

"पुढे कसा जाऊ? पुढे भिंत आहे ना."

वाऱ्याने परांचीचे दोर कुरकुरले. ताईने तरी विचारलंच. "तिच्या शेजारची जागा रिकामी का ठेवलीत?"

"रिकामी कुठं ठेवली? तो अजून यायचाय." त्याने ब्रश डब्यात बुडवला. "काल आला होता म्हणे. तीन वाट्या खाल्ल्या. चौथीसुद्धा."

त्यानंतर ताई त्या चढणीवरून कशी उतरली ते तिला नंतर कधी आठवलं नाही. पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखणारी बाई. पायऱ्या दोन-दोन करून उतरली एवढं खरं.

६

खानावळीचं दार उघडं होतं. ऐन दुपार, बाहेर लख्ख उजेड, त्यामुळे आत शिरल्यावर क्षणभर तिला काही दिसलं नाही. आवाज मात्र आला. चमच्यांचा. बोलणं नाही, खोकणं नाही, तिवई सरकल्याचा आवाज नाही. नुसते पुष्कळ चमचे ताटल्यांवर.

मग दिसलं. काल रिकामी असलेली खोली आज भरलेली होती. तिन्ही भिंतींना एकही तिवई मोकळी नव्हती. सगळे भिंतीकडे तोंड करून खात होते. मालकीण कुठे दिसत नव्हती.

"बाळ," ताईने हाक मारली.

कोणी वळलं नाही. चमचे तसेच चालू.

तिने पाठी बघायला सुरुवात केली. एक करडा कोट, वाटीवर वाकलेली एक म्हातारी, शिक्षक असावा असा एक माणूस. यांना आपण कुठंतरी पाहिलंय असं तिला वाटलं, आणि कुठं ते आठवायच्या आत तिने तो विचार मागे ढकलला. आतल्या कोपऱ्यात बाळचा विटकरी स्वेटर दिसला. ताईनेच विणलेला, एक बाही दुसरीपेक्षा लांब. त्याच्या डावीकडे रुंद खांद्यांची एक बाई बसली होती. ताईला तिच्या अंबाड्यातला चाप दिसला. चापाच्या खाली, मानेवर, घामाने एक बट चिकटलेली होती.

ताईने तेवढंच पाहिलं. त्याहून जास्त बघायचं नाही असं तिने ठरवलं आणि आयुष्यात कधी नव्हे ते डोळे मिटून घेतले. डोळे मिटूनच ती पाच पावलं पुढे गेली, स्वेटरचा खांदा चाचपला, दोन्ही काखांत हात घातले आणि ओढलं. बाळ वाळलेला होता, पण तिला वाटला होता त्याहून जड निघाला. तिवई पडली. तिने त्याला तसंच पाठीमागे ओढत दाराकडे नेलं, जसं बुडणाऱ्याला नेतात. तो हिसका देत नव्हता, येतही नव्हता. त्याच्या टाचा फरशीवर घासत होत्या. बाकीचे चमचे एकदाही थांबले नाहीत.

उंबरठ्यापाशी डावीकडून एक हात आला आणि बाळच्या बाहीला लागला. ओढायला नाही. कॉलर नीट करतात तसा लागला आणि सुटला. क्लोरीनचा वास आला, पोहण्याच्या तलावाचा.

बाहेर आल्यावरही ताईने मागे पाहिलं नाही. त्याचं मनगट घट्ट धरून ती पुढे चालत राहिली आणि तो मागून येत राहिला. खोलीवरची पिशवीसुद्धा तिने आणली नाही. अडीचची बस उभी होती. बाळ खिडकीशी बसला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती, श्वासाने वर-खाली होत होती.

"संपलं," ती म्हणाली. "घरी चाललोय आपण."

"बरं," बाळ म्हणाला. आवाज त्याचाच होता.

७

ताईने त्याला त्याच्या घरी जाऊ दिलं नाही. दुकानामागच्या तिच्या दोन खोल्यांत त्याची खाट घातली. आणि आश्चर्य म्हणजे बाळ सुधारला. दोन्ही वेळा जेवायला लागला. मागून घ्यायचा. पट्ट्याची भोकं एकेक करून परत बाहेर आली, माशाच्या काट्यासारखी झालेली पाठ भरली. पहिला आठवडा ताईने अक्षरशः देवाचे आभार मानत काढला.

"भावाने बाळसं धरलं हो तुमच्या," शेजारीण म्हणाली. "काल गॅलरीत उभा होता, मी ओळखलंच नाही."

"बोलला का काही?"

"मी हाक मारली. 'हो काकू' म्हणाला. पाठमोराच उभा होता."

ताई आत गेली आणि भाजी चिरायला बसली. निम्मी चिरून झाल्यावर तिचा हात थांबला.

तिने आठवायचा प्रयत्न केला. सकाळी चहा दिला तेव्हा तो खिडकीशी होता. रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. जेवताना ओट्याशेजारच्या भिंतीकडे तोंड करून बसतो, कारण खोलीत टेबल तसंच लावलेलं आहे. दाढी करतो तेव्हा मोरीचं दार लोटलेलं असतं. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. बसमध्ये? खिडकी. बसमधून उतरताना? तो पुढे होता. म्हणजे खानावळीतून निघाल्यापासून. म्हणजे अकरा दिवस.

माणसाचा चेहरा अकरा दिवस न दिसणं अशक्य नाही, तिने स्वतःला समजावलं. दोन खोल्यांत, एका घरात राहून जरा अवघड आहे, पण अशक्य नाही. दुःखातली माणसं तोंड लपवतात. गिऱ्हाइकांत तिने पाहिलेले होते असे लोक.

आता ती एवढंच करणार होती की त्याला दुकानात बोलावणार होती.

८

दुकानात चष्मा घालून बघायला तीन पानांचा आरसा होता. मधलं पान समोर, दोन्ही बाजूंची वळवता येणारी. गिऱ्हाइकाला समोरून, डावीकडून आणि उजवीकडून आपण कसे दिसतो ते एकदम बघता यावं म्हणून. ताईने दुपारी दोन वाजता शटर अर्धं ओढलं, तिन्ही पानं पुसली आणि हाक मारली.

"बाळ, जरा ये रे. तुझा नंबर बघते. वाचायला त्रास होतो म्हणत होतास."

तो आला. तिने मुद्दाम पाठ फिरवून चौकट शोधल्यासारखं केलं. स्टूल करकरलं. तो आरशासमोर बसला होता.

ताई वळली. तिच्यासमोर त्याची पाठ होती. त्यात काही वावगं नव्हतं, ती त्याच्या मागेच उभी होती. मग तिने नजर उचलून आरशात पाहिलं.

मधल्या पानात विटकरी स्वेटर होता, मान होती, मागचं टक्कल होतं. डाव्या पानातही तेच. उजव्या पानातही तेच. आणि तिन्ही पानांत, त्या पाठीपलीकडे, चष्म्याची चौकट हातात धरून उभी असलेली ती स्वतः होती, समोरून, तोंड उघडं पडलेली.

तिने एक डोळा झाकला नाही. चष्मा पुसला नाही.

"कुठला घालू?" बाळने विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "नंतर बघू. तू जा आत. वाढते मी."

तो उठून गेला. ताईने बाजूची दोन्ही पानं मधल्या पानावर मिटवली, त्यावर फडकं टाकलं आणि आत गेली.

बाळ टेबलाशी बसला होता, ओट्याशेजारच्या भिंतीकडे तोंड करून. त्याने ताट पुढे ओढून घेतलेलं होतं. ताईने पातेलं उचललं आणि त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. डाव ताटात गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. तिने त्याला लहानपणापासून वाढलं होतं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ती बारा.

"बाळ," ती म्हणाली. "एकदा माझ्याकडे बघ रे."

चमचा थांबला नाही.

"बघतोच आहे की, ताई," तो म्हणाला. अगदी मायेने म्हणाला. "किती वाळलीस तू."

ताईच्या हातातलं पातेलं जड झालं होतं. तिने ते खाली ठेवलं. दार उघडं होतं, अर्ध्या शटरखालून रस्त्यावरची माणसं दिसत होती, त्यांचे पाय येत-जात होते. तिला हवं असतं तर ती बाहेर जाऊ शकली असती. बाहेर जाऊन काय सांगणार होती ते तिला सुचेना. भाऊ जेवतो, अंगाला लागतं, रात्री झोप लागते त्याला. चौदा महिने तिने देवाकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं.

"उभी का?" बाळ म्हणाला. "बस की. तूही जेव."

त्याने शेजारची खुर्ची पायाने थोडी बाहेर सारली.

ताईने ताट घेतलं आणि बसली. समोर भिंत होती. तिने ती कधी एवढ्या जवळून पाहिली नव्हती. रंगाचे पापुद्रे निघालेले होते, एक खिळा होता, आणि बाळच्या ताटासमोर, तोंडाच्या उंचीवर, श्वासाचा एक पिवळट गोल डाग नुकताच पडायला लागला होता. उजवीकडे हातभर अंतरावर तो चावत होता. मान जराशी वळवली असती तर तो तिला दिसला असता.

तिने चमचा उचलला आणि समोर बघत पहिला घास घेतला.